दोन चाळण्या

"घुसव, काय घुसवायचं ते," कचेरीचे मालक काकासाहेब बद्रीनाथाला म्हणाले. "तुझ्याइतक्या वाईट नजरेनं हिचं काम दुसरं कोण तपासणार?"

मस्तगडातल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत सगळे हसले. बेबीनंदाही हसली. बद्रीनाथ तेवढा हसला नाही. एका बियाणे कंपनीच्या वेबसाइटवर विक्रेते जे दुवे पाठवीत, त्यांत दडलेल्या घातक आज्ञा अडवणारी 'चाळणी' त्याची होती. आता संगणकभाषेची नवी आवृत्ती आली होती, आणि गेल्या दिवाळीनंतर कामावर आलेल्या या मुलीने नवी चाळणी लिहिली होती. ती टिकली, की त्याची उतरणार. ज्याचे काम चढते त्यानेच नारळ फोडायचा, असा कचेरीचा रिवाज. आणि नारळ बेबीनंदाच्या टेबलावर आधीच येऊन बसला होता.

सकाळपासून बद्रीनाथाने घातक आज्ञा दडवलेले नाना वाकडे वेब-पत्ते तिच्या चाळणीत ओतले. एकही पार झाला नाही. प्रत्येक वेळी काकासाहेब "बिलकुल बराबर!" म्हणत, आणि ते दोन शब्द त्याला बोचत. इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला ते कधी आले नव्हते.

दुपारी चारला रोज वीज जाई. त्याच्या थोडे आधी त्याने टेबलाखालचा जुना संगणक बाहेर ओढला.

"सर, तो कशाला?" बेबीनंदाने विचारले.

"कंपनीच्या बदनापूरच्या मशीनवर जुनीच आवृत्ती हाय. तिथंबी चालली पायजे तुझी चाळणी."

"चालंल की. जुन्यासाठी वेगळा भाग लिहिलाय मी हातानं."

त्याने एक पत्ता टंकला. आज्ञेच्या शब्दाच्या मधोमध एक टॅब, म्हणजे कळ दाबून सोडलेली मोकळी जागा: चाळणीला दोन निरर्थक तुकडे दिसावेत, आणि ब्राउझरने मात्र ते सांधून आज्ञा पाळावी. हा पत्ता त्याला शोधावा लागला नाही. पूर्वी एकदा तो त्याच्या स्वतःच्याच चाळणीतून सरळ निघून गेलेला त्याने पाहिला होता, आणि कुणाला त्याची वाच्यता केली नव्हती. ते भोक आजही तसेच होते.

कळीवर त्याचे बोट क्षणभर थबकले. मग त्याची नजर नारळावर गेली, आणि त्याने कळ दाबली.

पत्ता पार झाला.

"गेला! बघा काका, गेला!"

बेबीनंदाचा चेहरा उतरला. पडद्यावरची ओळ तिने दोनदा वाचली. मग नारळ उचलून तिने त्याच्या टेबलावर ठेवला.

"हरले, सर. तुम्हीच फोडा." आणि खऱ्याच कुतूहलाने तिने विचारले, "पण हे सुचलं कसं तुम्हाला?"

बद्रीनाथ नारळ घेऊन उठला.

"थांब," काकासाहेब म्हणाले. "फोडायच्या आधी हाच पत्ता तुझ्या चाळणीत टाक बरं. वेबसाइटवर आज तीच चालू हाय."

"लाइट जाऊन राह्यली आता, काका. चार वाजले."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चारच्या पुढे सरकला होता. सगळ्यांनी मान वर करून पाहिले.

पंखा फिरत होता.