आबांची डावी बाजू

मेंदूच्या झटक्यानंतर मुक्ताईनगरच्या पितांबर आबांचं डावीकडे लक्षच जाईना. डोळे शाबूत आहेत, लक्ष देणारी मेंदूतली वाट तुटली, असं डॉक्टर म्हणाले. आबा ताटातलं उजवीकडचंच भरीत खायचे. तरी उठेपर्यंत डावी बाजूही चाटूनपुसून साफ झालेली असायची.

"कोण खातं ते बघतेच," म्हणत सुनंदाबाई आज नवऱ्याच्या डाव्या अंगाला पाट टाकून बसल्या. तिकडचा घास हललासुद्धा नाही.

आबांनी विचारलं, "सुनंदा कुठे गेली?"

"ही काय, तुमच्या शेजारी."

सून भाविका दारातून थेट सुनंदाबाईंकडे बघत म्हणाली, "आबा, आई घरात कुठेच नाहीत." आणि ती हाका मारत अंगणात गेली.

सुनंदाबाईंनी पाट घट्ट धरला.

"दिसो न दिसो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "ही जागा मी सोडणार नाही."