दाबलेली लाईन

"लेकराचं तोंड दिसना झालं," मिराबाईने काउंटरवर फोन ठेवला. "नुसते चौकोन. फुकट देऊन राहिला का इंटरनेट?"

भीमसिंगने मान वर केली नाही. जवळा बाजारच्या स्टँडजवळ त्याचं ऑफिस होतं. तांड्यात घरोघरी इंटरनेट कंपनीची वायर त्यानेच ओढली होती.

"मावशी, वरूनच स्लो हाय. आवाज येतो ना?"

"आवाजाला काय ओवाळू? लग्नाचे व्हिडिओ लख्ख दिसतात. माझ्या जगनचाच कॉल काहून फुटतो?"

"मोठा प्लॅन घ्या."

हे फोनही सांगायचा. काहीही उघडलं की आधी कंपनीच्या जाहिरातीचं पान आडवं यायचं. बंद केलं तरी परत यायचं. गुडघेदुखीचा व्हिडिओ पाहिला की त्याच पानावर गुडघ्याच्या तेलाची बाटली. भिंतीआड कुणीतरी बसून आपल्याला बघतंय, असं मिराबाईला वाटायचं.

जगन पुण्याला बांधकामावर होता. यंदा होळीलाही आला नाही. रोज संध्याकाळी मात्र त्याचा कॉल यायचा. आईला तो याडी म्हणायचा. "याडी, जेवलीस का?" आवाज तुटक, चेहऱ्याच्या जागी हलणारे तुकडे. दोन शब्द झाले की सून सुनिता फोन काढून घ्यायची. पुतण्या प्रेमदास जगनच्याच खोलीवर राहायचा. तो कधी फोनवर येत नसे. कामावर असतो, असं सुनिता सांगायची.

"भावाची बाजू घेऊन राहिली तू," मिराबाई घरी येऊन सुनेला म्हणाली. भीमसिंग सुनिताचा मामेभाऊ.

"न्हाई आत्याबाई. मोबाइलला इथं रेंज न्हाई. हीच एक लाईन. भांडून ती बी जायची."

मिराबाईने ऐकलं नाही. शेजारच्या मिनाकडून तिने कंपनीच्या हिंगोलीच्या ऑफिसात तक्रार करवली.

आठवड्याच्या आत आकांक्षा नावाची इंजिनिअर लॅपटॉप घेऊन घरी आली. मागोमाग भीमसिंगही आला आणि दारातच उभा राहिला.

"जाहिरातीचं पान कंपनीचंच आहे. ते बंद करते," आकांक्षा म्हणाली. मग तिने स्क्रीन भीमसिंगकडे वळवली. "पण हे काय? सगळ्या तांड्यात फक्त याच घराच्या व्हिडिओ कॉलचा स्पीड मुद्दाम दाबून ठेवलाय. कुणी केलं?"

भीमसिंगने सुनिताकडे पाहिलं.

"मॅडम, राहू द्या," सुनिता म्हणाली. "आमची तक्रार न्हाई."

"माझी हाय!" मिराबाई कडाडली. "बहीण-भाऊ मिळून माझ्या लेकराचं तोंड झाकता व्हय?"

आकांक्षाने काही बटणं दाबली. "झालं आजी. आता आरशासारखं दिसेल."

ती गेली. भीमसिंग मात्र दारातून हलला नाही.

दिवस कलला आणि कॉल आला. सुनिता फोनकडे झेपावली. मिराबाईने तिचा हात झटकला आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

चित्र स्वच्छ होतं. कपाळावरचा घाम दिसत होता. जगनच्या निळ्या शर्टाची कॉलर दिसत होती.

"याडी, जेवलीस का?"

मिराबाई बघत राहिली. मागे सुनिताने तोंडात पदर कोंबला.

"जेवले बाबा," मिराबाई म्हणाली. "प्रेमदास, माझ्या जगनला माती कुठं दिली रे?"