रपट्यावरची मोजणी

बारा वाजले तरी रेणूच्या तक्त्यात रेघा सातच. त्यातल्या दोन एकट्या दूधवाल्याच्या, तो गेला आणि आला म्हणून.

एकोडीच्या अलीकडे, नाल्यावरच्या रपट्यापाशी, म्हणजे पावसात बुडणाऱ्या बुटक्या फरशीपुलापाशी ती सकाळी सहापासून बसली होती. डिप्लोमाच्या वर्गात वाहतूक अभियांत्रिकीच्या पहिल्याच तासाला चंद्रकुमार सरांनी सांगितलं होतं, रस्ता मागून मिळत नाही, मोजून मिळतो. वाहनांच्या मोजणीचं काम कॉलेजकडे आलं तेव्हा तिनं भांडून हा रपटा मागून घेतला. गेल्या पावसात तिच्या आईला खाटेवर घालून, मांडीभर पाण्यातून, चौघांनी याच रपट्यावरून दवाखान्यात नेलं होतं. संध्याकाळी सहापर्यंत चारशे गाड्या मोजल्या गेल्या तर पुलाचा प्रस्ताव पुढं सरकणार होता. एरवी इथं चारशे सहज होतात.

"तुझं गाव झोपलंय का गं?" सरांनी विचारलं. चमकणारं जाकीट घालून ते सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभे होते. रेणूनं तक्त्यातल्या रेघा पुन्हा मोजल्या. तिला गावाचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

पाच वाजता तिचे वडील, बाबूलाल, सायकलीवर चहाचा थर्मास घेऊन आले. तोवर रेघा एकोणीस झाल्या होत्या.

"बाबा, आज सारे लोक कुठी गेले?"

"तळ्याच्या पाळीवरून जाऊन राहिले." बाबूलालनी आवाज खाली आणला. "मीच सांगतलं सकाळी चौकात. रपट्यावर चेकिंगवाला सायेब हाये, लायसन पाहून राहिला. अर्ध्या पोट्ट्यायपाशी लायसन नाही, कायले फसाचं? एक गाडी इकडं येऊ देली नाही म्या."

मोजणीचं गावात सांगायचं नाही, नाहीतर लोक उगाच चकरा मारतात, अशी सरांची ताकीद होती. रेणूनं ती घरातही पाळली होती; रपट्यावर कॉलेजचं काम आहे, एवढंच सांगितलं होतं.

"चेकिंग नोहोय ते, बाबा. आमी गाड्या मोजून राहिलो. चारशे झाल्या तर पूल होनार होता."

बाबूलालनी तक्त्यात वाकून पाहिलं. थर्मास तिच्या हातात दिला, सायकल वळवली आणि रपटा ओलांडला. पलीकडच्या मोहाच्या झाडाला वळसा घालून ते परत आले, पुन्हा गेले. सरांनी घड्याळात पाहिलं, मग पाठ फिरवून नाल्याकडे बघत राहिले.

नवव्या चकरेला बाबूलाल एक पाय टेकून थांबले. दम लागून छाती भात्यासारखी हलत होती.

"लिवून राहिली ना?"

"हो," रेणू म्हणाली आणि रेघ ओढली. मोजणीत सायकल अर्धीच गाडी धरतात, हे तिच्यानं सांगवलं नाही.