साधं पाणी

टेकडीमागच्या कारखान्याबद्दल गावातल्या चार कर्त्या माणसांशी बोलायला वार्ताहर बाई सकाळपासून दुकानं धुंडाळत होती. किराणेवाला म्हणाला, "आमची काहीच तक्रार नाही. उलट कारखाना आल्यापासून विहिरीचं मचूळ पाणी गोड झालं." शिंप्यानं मशीन न थांबवता तेच सांगितलं. गिरणीवाल्यानंही तेच, अगदी पाठ केल्यासारखं. प्रत्येकानं आग्रहानं तिच्या हातात थंड सरबताची बाटली ठेवली, पण साधं पाणी म्हणून कुणी विचारलं नाही. दुपारपर्यंत तिचा घसा गोडानं नुसता चिकटला. माणुसकीच आटली या गावाची, असं तिच्या मनात आलं.

शेवटी ती गावच्या प्रमुखांच्या ओसरीवर टेकली.

"नाल्याचे फोटो काढलेत म्हणे तुम्ही?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"हो, मेलेल्या माशांचे. उद्या छापून येतील."

"कुणाला पाठवले नाहीत ना अजून?"

"नाही, फोनमध्येच आहेत."

प्रमुख हसले आणि आत वळून म्हणाले, "अगं, बाईंना पाणी आण. विहिरीचं."

त्यांची बायको दारात क्षणभर घुटमळली, मग भरलेला पेला घेऊन आली. एक तरी घर रीतीचं निघालं, म्हणत बाईनं तो घटाघटा रिकामा केला. पाणी खरंच गोड होतं.

फाटकापर्यंत सोडायला आलेली बायको तिच्याकडे न बघता पुटपुटली,

"ज्यानं सुखरूप घरी पोचावं असं वाटतं, त्याला आम्ही पाणी विचारत नाही, बाई."