रातूंची डबी

गावचे प्रमुख रातू एमोसी तिसऱ्यांदा उठून बाहेर ओकायला गेले, तेव्हा उलामिलाने पिशवीतला फोन काढून मांडीवर ठेवला. आता सोक्षमोक्ष लावायलाच हवा होता. उद्या सकाळी शाळेत मुलांना गोळ्यांच्या डब्या वाटायच्या होत्या.

गोळी नवी होती, हत्तीपायावरची. या बेटावर घरटी एक तरी सुजलेला पाय असायचा आणि नर्स म्हणून उलामिलाची सारी उमर तेच पाय धुण्यात गेली होती. राजधानी सुवाच्या डॉक्टरांनी तिची चाचणी काढली तेव्हा हे गाव उलामिलानेच सुचवलं. प्रत्येक मोठ्या माणसाला एकेक डबी मिळाली. निम्म्या डब्यांत खरं औषध, निम्म्यांत नुसता खडू. कुणाला काय गेलं हे फक्त सुवाला ठाऊक. तिलासुद्धा नाही.

आणि अख्ख्या गावात आजारी कोण पडावं, तर रातू.

त्यांची बायको, बुबू केलेरा, दारातल्या कोनफळांच्या ढिगाला टेकून बसली होती. "यंदाचा ह्यांचा मान आलाय बघ. प्रत्येक शेतातलं पहिलं कोनफळ. पण खातंय कोण? ह्यांच्या पोटात माशाचं पाणीसुद्धा ठरत नाही."

"यांगोनाची नशा जास्त होत असेल रात्री."

"यांगोना? तुझ्या गोळ्या आल्या त्या दिवसापासून वाटीला हात लावला नाही त्यांनी. मला वाटलं, म्हातारा सुधारला."

उलामिला हसली नाही. दिवसभर सगळी घरं पालथी घालून तिचे स्वतःचेच पाय सुजले होते. कुठेही काही नाही. ना उलटी, ना चक्कर. फक्त टोकाच्या घरातली वासेवा कुरकुरली होती. "आम्ही उशिराच सुरू केल्या गं. रातू म्हणाले, थांबा, मी सांगेन तेव्हा. आणि एक गोळी कमीच भरली बघ."

गोळी कमी भरली म्हणून उलामिलाने सुवाच्या मोजणाऱ्यांना मनात दोन शिव्या घातल्या. पण 'मी सांगेन तेव्हा' हे तिला झोंबलं होतं. म्हणजे हुकूम अजून त्यांचाच चालत होता.

त्यावरूनच पहिल्या दिवशी दोघांची जुंपली होती. भर सभेत रातू म्हणाले होते, "माझं गाव तयार आहे." उलामिला उठून उभी राहिली. "तुमच्या होकारानं भागत नाही, रातू. ज्याचं शरीर त्याचा होकार." सभेतल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. रातू म्हणाले, "विचार एकेकाला. पण उद्या कुणाचं बरंवाईट झालं, तर त्याची आई माझ्या दारात येऊन रडते, पोरी. तुझ्या नाही."

तिने शाळेमागे नेऊन एकेकाला विचारलं. नको असेल तर नाही म्हण, रातूंना कळणार नाही, असंही सांगितलं. सगळे हो म्हणाले. या गावाला नाही म्हणताच येत नाही, असं वाटून त्या होकारांवर तिचा कधी विश्वास बसला नाही. आताही तिला त्याच विचाराचा शीण आला होता.

रातू आत येऊन चटईवर आडवे झाले. कंदिलाच्या उजेडात त्यांचे डोळे पिवळेधमक दिसत होते.

"गोळीनं झालंय का, तेवढं विचार तुझ्या सुवाला," ते म्हणाले. "आज विचार. उद्यावर नको."

उलामिला फोन घेऊन अंगणात गेली.

"त्यांच्या डबीत काय होतं ते मी एकदा सांगितलं, की त्यांच्यापुरती चाचणी संपली, लक्षात आहे ना?" डॉक्टर मुनसामी पलीकडून म्हणाले.

"संपू दे. त्यांना उद्या पहिल्या बोटीने तुमच्याकडे पाठवतेच आहे. पण औषधानं झालं असेल तर मी एकाही पोराच्या हातात डबी देणार नाही, डॉक्टर. मग तुम्ही मला काढून टाका."

"काढतोय कोण? थांब, बघू दे."

पलीकडे कागदांची सळसळ झाली. उलामिलाने तेवढ्यात देवाचं नाव घेतलं. खडू असू दे, एवढंच मागितलं. रातूंसाठी नाही, गोळीसाठी. ही गोळी बाद झाली तर दुसरी कधी यायची?

"खडू," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या डबीत नुसता खडू होता. कावीळ दुसऱ्या कशाची तरी असणार. गाव ठणठणीत आहे म्हणतेस ना? मग मुलांना सुरू कर. आणि झोप जरा."

तिच्या अंगावरचं ओझं उतरलं. एक माणूस पिवळा पडलेला असताना आपल्याला इतकं हलकं वाटावं, याची तिला लाज वाटली. ती आत जाऊन रातूंच्या उशाशी बसली.

"गोळीनं नाही झालं, रातू. तुमच्या डबीत औषधच नव्हतं. सुवाला तुम्हाला तपासतील, बरं करतील. मुलांना उद्या डब्या देते मी."

"नक्की ना? तू नक्की म्हणालीस, तर मी मानतो."

"नक्की."

रातूंनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल पडला.

"बरं झालं. मला वाटलं होतं, पोरांना गोळी नको असं तुला सांगावं लागतंय. मग बोट जरा थांबव. डब्या वाटल्यास की मुलांकडून प्रत्येक डबीतली पहिली गोळी माझ्याकडे पाठव, साऱ्या घरांनी पाठवली तशी. दोन दिवस माझ्या पोटात राहू देत, मग पोरांना खाऊ दे."