लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकाचा शेवट

"थांब. तिथे स्वल्पविराम आहे. गिळलास तू," सासरे म्हणाले.

सून थांबली. ऑपरेशन होऊन सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, पुस्तक तिच्या हातात होतं, आणि तरी चूक त्यांनीच पकडली होती.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. झाडून सगळ्या लोकप्रिय लेखकांच्या कादंबऱ्या त्यांच्या नजरेखालून गेल्या होत्या, आणि त्यांच्या मते धड एकही नव्हती. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाई म्हणजे "साखरेचं पोतं". ऐतिहासिकवाले गृहस्थ "तलवार उपसली की दहा पानं म्यान करत नाहीत". आणि लाल पुठ्ठ्याच्या या रहस्यकथेचा लेखक म्हणजे नुसतं "गाढव". पण आठवडाभर वाचून घेत होते ते त्या गाढवाचंच. "वरच्या फळीवरचं लाल पुठ्ठ्याचं आण, दुसरं नको," असा हट्टच धरला होता त्यांनी.

सून औषधाच्या दुकानात कामाला होती. दुपारच्या सुट्टीत घरी आली की ती थोडा वेळ वाचून दाखवायची, मग दार लावून स्वतःचं लिहायची. तिची पहिलीवहिली कथा वहीत तयार होती. मासिकाच्या स्पर्धेची मुदत उद्या संपत होती. पण ज्या घरात नावाजलेल्या लेखकांची ही गत, तिथे आपली काय डाळ शिजणार? वही रद्दीत टाकायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"वाच पुढे," सासरे म्हणाले. "चिठ्ठी डॉक्टरांची, औषध भलतंच, आणि कारखानदार मेला. केलं कुणी, ते कळू दे एकदाचं."

तिने पान उलटलं. पुढे पानंच नव्हती. नुसता पुठ्ठा.

आठवडाभर अंधारात पडून शेवटाची वाट बघणाऱ्या माणसाला आता सांगायचं काय? तिने घसा खाकरला आणि वाचल्याचा आव आणून ठोकून द्यायला सुरुवात केली.

"'पुतण्याला अटक करा,' इन्स्पेक्टर म्हणाले. 'ही चिठ्ठी डॉक्टरांची नव्हेच. घरातल्या सगळ्यांना ती वाचता आली. अगदी माळ्यालासुद्धा! अहो, डॉक्टरांचं अक्षर औषधाच्या दुकानाबाहेर कुणाला कधी लागलंय?'"

मधेच तिने पुठ्ठा फडफडवला, पान उलटल्यासारखा. पुतण्याला बेड्या घातल्या. कारखानदाराच्या बायकोला दोन ओळी रडवलं. मग "समाप्त" म्हणून पुस्तक मिटलं.

तिला वाटलं, संपलं, आता याचेही वाभाडे निघणार. तेवढ्यात सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"चिठ्ठी वाचता आली म्हणून सापडला! वा! अगं, चाळीस वर्षांत इतका झकास शेवट माझ्या हाताखालून गेला नाही."

सुनेला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. आणि पाठोपाठ रागही आला. शाबासकी तिची, आणि चालली होती त्या गाढवाकडे! नावं ठेवली असती तर ती मुकाट्याने बसली असती. हे मात्र तिला सोसवेना.

"बाबा, खोटं बोलले मी," ती म्हणाली. "पुस्तकाला शेवटची पानंच नाहीत. हा शेवट माझा आहे."

"हुश्श! आलं बाई एकदाचं तोंडातून," सासरे म्हणाले. "रोज दुपारी दाराआड पेन खरडतं, ते माझ्या कानांना कळत नाही होय? जा, ती वही आण."

ती उठली, पण दाराशीच घुटमळली. "पण बाबा, ती पानं गेली कुठे?"

"जातात कुठे? असला भिकार शेवट घरात नको, म्हणून मीच फाडली होती. तेच पुस्तक तुझ्याकडून मागवलं ते काय उगीच?"