खांबामागचा अध्यक्ष

“सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही,” म्हातारा आर्किटेक्ट दारातच बूट काढत म्हणाला, “पण आज त्यांनी मला धरून अध्यक्ष केलं.”

बायको नकाशांच्या गुंडाळ्यांमधे जमिनीवर बसली होती. दिवसभर ती ऑफिस आवरत होती. ठेवायच्या गुंडाळ्या भिंतीशी, टाकायच्या दाराशी. दाराशी ढीग मोठा होता. तो ओलांडूनच त्याला आत यावं लागलं. सोमवारी जागा एका दातांच्या डॉक्टरला द्यायची होती. त्याची ती कलणारी खुर्ची आधीच येऊन पडली होती. बसायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून आर्किटेक्ट तिच्यातच रेलला.

एकाच कॉलेजात शिकून दोघांनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना जन्म काढला होता. तो इमारती काढायचा, त्या पडू नयेत याचं गणित ती करायची. आता तिचे गुडघे गेले होते. तिच्या बहिणीच्या शेजारी एक बैठं घर बघून ठेवलं होतं, जिना नसलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे जिने पेलल्यावर तिला एवढंच हवं होतं. ऑफिस बंद करायचं ठरून वर्ष झालं होतं. त्यानं तिचा हात हातात घेऊन कबूल केलं होतं.

आणि विभागीय आर्किटेक्ट संघाचा नियम असा, की अध्यक्षाचं ऑफिस चालू पाहिजे. मुदत तीन वर्षं.

तिच्या हातातली सुतळी थांबली. हे झालं कसं, तिनं विचारलं.

तेच तर सांगतोय, म्हणून तो खुर्चीत सरसावून बसला. अध्यक्षपद म्हणजे काय चीज आहे, हे तिला सांगायला नको. फीवरून भांडणं, अडकलेल्या मंजुऱ्या, एकमेकांचे नकाशे चोरल्याच्या तक्रारी. आणि पंखा का बंद आहे, हेही अध्यक्षालाच विचारणार. त्यामुळे वार्षिक सभेत नवा अध्यक्ष निवडायची वेळ आली की शहाणी माणसं दिसेनाशी होतात, ही तिथली जुनी रीत. आज तर कहर झाला. मावळता अध्यक्ष खुर्चीवरून असा उठला, जणू खाली विस्तव ठेवलाय. उंच उंच इमारती बांधणारा एक जण बुटाची नाडी बांधायला टेबलाखाली वाकला, तो सभा संपेपर्यंत वर आला नाही. बुटांना नाड्या नव्हत्याच. दुसऱ्याला एकदम बायकोचा फोन आला. तो बिनलग्नाचा. तिसरा तर उभा राहून म्हणाला, मी आर्किटेक्ट नाहीच, इतकी वर्षं चुकून सह्या करत आलोय. त्याच्यावर मात्र सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला.

बायको हसली नाही. एरवी हसली असती. तिनं एक गुंडाळी उचलली, वरचं नाव वाचलं आणि कुठल्या ढिगात टाकायची ते न सुचून मांडीवरच ठेवली.

मग तू काय केलंस, तिनं विचारलं.

त्यानं तर कानाला खडा लावलेला. मागं एकदा अध्यक्ष तो झाला होता आणि तक्रारींना उत्तरं लिहिता लिहिता हात हिचे मोडले होते, हे तो विसरला नव्हता. तो गुपचूप उठला आणि खांबामागे जाऊन उभा राहिला. डावीकडच्या, खिडकीजवळच्या. श्वास रोखला. पोट आत घेतलं. पण खांब पडला सडपातळ आणि हा असा. दोन्ही अंगांनी थोडा थोडा उरलाच. कोणीतरी बोट दाखवलं. चौघे धावले. यानं खांबाला मिठी मारली, तर गिलाव्याचा पोपडाच हातात आला, असलं हल्लीचं काम. उचलून नेला आणि खुर्चीत बसवला. हरकत असेल तर हात वर करा म्हणाले, पण त्याआधी एका हातात चहा दिलेला, दुसऱ्यात बिस्किटं कोंबलेली. माणसानं हात वर करावा कसा? टाळ्या झाल्या. लोढणं गळ्यात आलं.

एवढं सांगून तो दमला. खुर्ची आपोआप मागे कलली आणि तो छताकडे बघत पडून राहिला. यात माझा काय दोष, तूच सांग, म्हणाला. तीनच तर वर्षं. दातवाल्याला कळवू. बहिणीला कळवू. बैठं घर कुठं पळून जातंय.

खाली रस्त्यावरचे दिवे लागले. ती उठायला लागली. एक हात टेबलावर, एक गुडघ्यावर, मधे थोडं थांबून. त्या कललेल्या खुर्चीतून धडपडत निघून तो हात द्यायला आला, तोवर ती उभी राहिली होती. मांडीवरची गुंडाळी खाली पडली, ती तिनं उचलली नाही. सभा कुठल्या हॉलमध्ये होती, एवढंच तिनं विचारलं. आणखी कुठल्या, आपल्या संघाच्याच, तो म्हणाला.

तिचा आवाज चढला नाही. चढायला तेवढी ताकद लागते.

“अरे, त्या हॉलला एकही खांब नाही. तुला मधे खांब नको होता, म्हणून ते छत मी खांबाशिवाय उभं केलं. तू लपला नव्हतास. कोण होतं अध्यक्ष, विचारल्यावर आपणहून हात वर केलास तू.”